किती किलो उतरले?

"किती किलो कमी केलेत हो?" हा प्रश्न गेली तीन वर्षं मला कुठेही गाठतो. जिना चढताना, लिफ्टमध्ये, फोनवर मूळ विषय संपल्यावर जरा आवाज खाली आणून. विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीतल्या. मी खरा आकडा सांगते: साडेचार. समोर क्षणभर शांतता पसरते. "एवढेच? पण दिसायला तर..." आणि लगेच पुढचा प्रश्न, "खाता काय?"

लिफ्ट दोन मजले चढेपर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही. घाईत दिलं तर अर्धवट जातं, आणि अर्धवट उत्तराने काय होतं ते मी अंगावर भोगलेलं आहे. म्हणून, तुम्ही विचारलंत तर नीट सांगते.

मी एकदा अकरा किलो उतरवले होते. तेव्हा वय 43. चार महिने अर्धपोटी राहिले, रात्रीचं जेवण बंद, सकाळी तासभर भरभर चालणं. काटा खाली येत होता, लोक कौतुक करत होते. त्याच काळात बरणीचं झाकण उघडायला मला मुलाला हाक मारावी लागू लागली, केस मूठमूठ गळू लागले. या दोन्हींचा संबंध मी त्या अकरा किलोंशी लावलाच नाही. पुढच्या दीड वर्षात तेरा किलो परत आले.

तेव्हा मी सगळा दोष माझ्या जिभेला आणि मनाच्या दुबळेपणाला दिला. खरी गोष्ट वेगळी होती. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं, की जे उतरतं त्यात साधारण पाव हिस्सा चरबी नसलेला, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा असतो. परत चढतं ती मात्र बहुतांश चरबी. तिशीनंतर स्नायू तसेही दर दशकाला 3 ते 8 टक्के कमी होत जातात. त्या गळतीला मी उपाशी राहून हातभार लावला होता. दुसऱ्या कुणी माझ्यासारखं करायला निघाली की माझा जीव कासावीस होतो, तो यामुळे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागली. वजन होतं तिथेच आणि तरी सगळ्या पँटी कमरेत घट्ट. रात्री तीनच्या सुमाराला छातीतून एक गरम लाट मानेपर्यंत चढायची, उशी ओली व्हायची, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. एका डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "या वयात व्हायचंच. जरा कमी खा." त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. कमी खाऊन काय होतं ते मी पाहून चुकले होते, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, पण त्याआधीची काही वर्षं शरीर बदलत असतं. यालाच पेरिमेनोपॉज म्हणतात. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन आधी वरखाली होतं, मग उतरतं. ते असेपर्यंत चरबी मांड्या आणि नितंबांवर साठते. ते कमी झालं की तीच चरबी पोटात, आतड्यांभोवती जमू लागते. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त जोडलेली चरबी ती हीच. म्हणून काटा हलला नाही तरी कमरेचा घेर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढू लागतो. माझा 93 होता.

आणि "चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतं" हे वाक्य, म्हणजे शरीर ऊर्जा कमी खर्च करू लागतं हे, मी वर्षानुवर्षं खरं मानत आले होते. 2021 साली संशोधक हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 29 देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध केली, त्यात अगदी आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांपर्यंतची माणसं होती. शरीराचा आकार आणि त्यातलं स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. मला हे वाचून रागही आला आणि बरंही वाटलं. माझ्या आतली शेगडी विझलेली नव्हती. सरपण, म्हणजे स्नायू, कमी झालं होतं, झोप गेली होती आणि दिवसभर मी खुर्चीत बसून होते. या तिन्हींचं काही ना काही करता येण्यासारखं होतं.

तरी सुरुवात झाली ती वाचून नव्हे. कपाटाचा सर्वांत खालचा खण आवरायला मी जमिनीवर बसले होते. उठायची वेळ आली, तेव्हा आधी एक हात टेकला, मग दुसरा, मग गुडघा, मग पलंगाची कड धरली आणि "आई गं" म्हणत उभी राहिले. मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती हात द्यायला पुढे आली. तिच्या पुढे आलेल्या त्या हाताने मला हलवून सोडलं. मी 48 वर्षांची होते.

जमिनीवरून उठण्याची खरोखरच एक चाचणी आहे. क्लॉडिओ जिल आराउजो या ब्राझिलियन डॉक्टरांनी ती रूढ केली. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. टेकलेल्या प्रत्येक हाता-गुडघ्यामागे एक गुण कमी, तोल गेला तर अर्धा. 51 ते 80 वयाच्या दोन हजार माणसांवर त्यांनी केलेल्या अभ्यासात कमी गुणांच्या लोकांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. मी घरी करून पाहिली. उठण्यात पाचातले दोन.

मग मी वजनं उचलायला शिकले. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पहिल्या दिवशी तिने माझ्यामागे एक खुर्ची ठेवली आणि म्हणाली, "ताई, बसा. आता हात न लावता उठा." दहा वेळा. सातव्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात हातात सहा किलोचं केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेलं लोखंडी वजन, आलं. मी पाठीतून वाकत होते, ती पुन्हापुन्हा सांगायची, "कमरेतून नको, खुब्यातून. ढुंगण मागे न्या, दार ढकलून बंद करतो तसं. आता टाचा दाबा आणि जमीन खाली ढकला." वजन वर खेचायचं नाही, जमीन खाली ढकलायची, हे एक वाक्य अंगात उतरलं आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं, जमायला लागलं. तो क्षण मला अजून आठवतो: पाठीवर काहीही ताण न येता ते लोखंड अलगद वर आलं होतं. मी वही ठेवते. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. पहिल्या पानावर सहा किलो आहे. आज 45.

आठवड्यातून दोन दिवस, कधी तीन, चाळीस-चाळीस मिनिटं. याहून जास्त मी कधीच केलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं दोन्ही आहे. आपण पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा सोडून देतो. "मी रोज चालते की" असं मला किती जणी सांगतात! चाला, जरूर चाला. आणि दहा हजार पावलांची धास्ती घेऊ नका. तो आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये विकलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा स्थिरावला होता आणि 4,400 पावलांवरही तो दिसत होता. चालण्याने हृदय सांभाळलं जातं. पण जमिनीवरून उठायला जे लागतं ते नुसत्या चालण्याने येत नाही.

हाडांचंही तसंच. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत घटू शकते. हाडाला ओझं जाणवलं तरच ते स्वतःला भक्कम ठेवतं. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्ती झालेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 स्त्रियांचा एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष 2018 च्या सुमारास आले. त्यांतल्या निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट (वजन घेऊन उठबस), डोक्यावर वजन ढकलणं असे भारी व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केले. त्यांच्या कण्याची घनता सुमारे 3 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून थोडी घटली. देखरेखीखाली, हा शब्द मात्र विसरू नका. हाडं ठिसूळ असतील, रक्तदाब असेल, चालताना छातीत भरून येत असेल, तर आधी तपासून घ्या. थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन तर सगळ्यांनीच बघावं. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि माझा निम्मा थकवा त्याचा होता.

खाण्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यात मी फार काही केलेलं नाही. दिवसाला किती प्रथिनं पोटात जातात ते आठवडाभर लिहून काढलं, तर चाळीस ग्रॅमसुद्धा भरत नव्हती. वय वाढताना किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम घ्यावीत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे मला सत्तरच्या घरात हवी होती. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारायचं. आता प्रत्येक जेवणात आधी प्रथिनं कुठून येणार ते ठरवते, मग बाकीचं. भूक आपोआप आटोक्यात आली. रात्रीचं जेवण मी पुन्हा सुरू केलं आणि ते पुन्हा कधीही बंद करणार नाही.

झोपेसाठी मी दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. गरम लाटांवर हार्मोन थेरपी, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधातून देणं, हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, पण ती प्रत्येकीला चालते असं नाही. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता का, हे सगळं बघून ठरवतात. मला चालण्यासारखी होती. ती वजन उतरवण्याचं औषध नव्हे हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण झोप परतली आणि त्याच्यामागून व्यायामाची ताकद. आपल्याकडून "सहन कर" म्हणून जे सोडून दिलं जातं, त्यातलं बरंचसं सहन करायची गरज नसते.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही हल्ली खूप जणी विचारता, बिचकत विचारता. बिचकू नका. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 च्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. ते खरं औषध आहे आणि काही जणींना त्याची खरी गरज असते. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात. म्हणून माझी कळकळीची विनंती एवढीच: घेणार असाल तर वजनं उचलत घ्या.

"वेळ कुठून काढता?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण तो विचारणारीच्या डोळ्यांखाली काळं असतं. मी घरात सांगून टाकलं, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सात ते आठ मी नाही. विनंती केली नाही, सांगितलं. पहिले दोन महिने सातला दहा मिनिटं कमी असताना कुणाला ना कुणाला काहीतरी सापडायचं नाही. मी तरीही निघायचे. आता विचारत नाहीत. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा तान्हं बाळ आहे, त्यांना हेही शक्य नसतं, ते मला कळतं. त्यांनी खुर्चीवरून उठबस दहा वेळा, भिंतीला हात टेकून पुशअप दहा, एवढंच दिवसातून दोनदा करावं. तेवढ्यानेही फरक पडतो. 1990 साली नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती, तर त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली होती. नव्वदीत!

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. दुसऱ्या वर्षी माझा डावा खांदा गोठला. फ्रोझन शोल्डर चाळीस ते साठ या वयातल्या बायकांना जास्त होतो, आणि तो आपल्या गतीने एक ते तीन वर्षं घेतो. हात खांद्याच्या वर जाईना, केस बांधता येईनात, ब्राचा हुक मागे लावता येईना. रोज सकाळी पुढे लावून फिरवून घ्यायचे आणि दात-ओठ दाबून पट्टा वर ओढायचे. सहा महिने मी फक्त पायांचे व्यायाम केले आणि खांद्यासाठी फिजिओथेरपी: भिंतीवर बोटांनी चढत जायचं, कालच्या खुणेपेक्षा एक बोट वर. त्या भिंतीवर अजून पेन्सिलच्या रेघा आहेत.

कमरेचा घेर आता 85 आहे. ऐंशीच्या आत यायला अजून पाच बाकी. जमिनीवरून एक हात टेकून उठते; पाचात चार. आणि मागच्या महिन्यात एका सकाळी डावा हात पाठीमागे गेला, बोटांना हुक सापडला, आणि तो लागला.