खिशातल्या विजेरीचा उजेड मी अर्धा का केला

लिहिताना आपण विजेरी म्हणतो, पण आमच्या घरात तिला कायम 'बॅटरी' म्हणतात आणि आतल्या बॅटरीला 'सेल'. खाली मी विजेरी आणि सेल हेच दोन शब्द वापरले आहेत, नाहीतर सोल्डरिंगपर्यंत पोहोचेतो कोण कोणाच्या आत आहे हे मलाच कळेनासे होईल.

ही विजेरी साधारण १२ सेंटिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर जाड आहे, तिचे अंग ॲल्युमिनियमचे आहे, बटण मागच्या बुडाला आहे आणि आत १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, एकच लिथियम सेल बसतो. सेलसकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. यापेक्षा बुटकी नळी आणून १८३५० सेलवर ती चालवूनही पाहिली. शर्टाच्या खिशात ती छान राहते, पण सेलची क्षमता जवळपास तिपटीने घटते, त्यामुळे महिन्याभरात मी लांब नळीकडे परत आलो.

विजेरी घेतली की बहुतेकजण ती भिंतीवर मारतात, 'लख्ख आहे' म्हणतात आणि परीक्षा संपवतात. मीही सुरुवातीला तेवढेच केले होते. नंतर छोट्या खोलीत विजेरी छताकडे तोंड करून उभी केली, मोबाइलमधले लक्स, म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड, मोजणारे ॲप कपाटाच्या एका ठरावीक फळीवर ठेवले आणि दर मिनिटाला आकडा लिहून काढला. मोबाइलचा असा आकडा खरा लक्स नसतो, पण त्याच जागेवरचे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहायला तो पुरेसा विश्वासार्ह असतो. सुरुवातीला ४० आलेला आकडा दहाव्या मिनिटाला ३१ वर उतरला होता आणि तोपर्यंत विजेरीचे डोके हातात धरवत नव्हते. विजेऱ्यांसाठीच्या एफएल १ या २००९ सालच्या अमेरिकी मानकानुसार ल्युमेनचा, म्हणजे एकूण बाहेर पडणाऱ्या उजेडाचा, आकडा विजेरी लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या काळात मोजायचा असतो, आणि 'इतके तास चालते' याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत चालते असा असतो. म्हणजे खोक्यावरचे दोन्ही आकडे खरे असूनही दहाव्या मिनिटाचा उजेड खोक्यावर कुठेच नसतो. झोताच्या पल्ल्याचेही तसेच आहे. पाच मीटरवर २०० लक्स मिळाले तर २०० गुणिले २५ म्हणजे झोताची तीव्रता ५००० कँडेला होते, त्याच्या वर्गमुळाची दुप्पट केली की पल्ला १४१ मीटर येतो, पण त्या टोकाला पोहोचणारा उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. तेवढ्यात माणूस उभा आहे की झुडूप, हे मला तरी ओळखता येत नाही.

तरीही मला खरी अडचण उष्णतेची नव्हती, रंगाची होती. आमच्या जुन्या इमारतीत मीटरच्या पेट्या जिन्याखाली आहेत आणि लाइट गेले की मी तिथे विजेरी घेऊन उभा असतो. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल, ही जुनी रंगव्यवस्था सर्वांना पाठ असते. पण ६५०० केल्व्हिनच्या त्या निळसर पांढऱ्या झोतात धुळकटलेली लाल वायर आणि तिच्या शेजारी नंतर कोणीतरी ओढलेली तपकिरी वायर अगदी जुळ्या बहिणी दिसत होत्या. याचे कारण उजेड देणाऱ्या डायोडमध्ये, म्हणजे एलईडीमध्ये, असते. निळा डायोड आणि त्यावरचा पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने चमकणारा लेप, यांच्या मिश्रणातून पांढरा उजेड तयार होतो, पण स्वस्त मिश्रणात गडद लाल प्रकाश फार थोडा असतो. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआयचा आकडा आठ फिकट नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल नमुना, ज्याला आर ९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणून डायोड निवडताना मी ल्युमेन बाजूला ठेवले आणि ९० च्या वर सीआरआय व चांगला आर ९ असलेला, ४५०० केल्व्हिनचा, म्हणजे जरा पिवळसर उजेडाचा, निचिया कंपनीचा ५१९ए डायोड मागवला.

डायोड बदलणे हे ऐकताना वाटते त्यापेक्षा सोपे आणि पाहताना वाटते त्यापेक्षा नाजूक काम आहे. साडेतीन मिलिमीटर लांबीरुंदीचा तो चौकोन तांब्याच्या गोल चकतीवर सोल्डरने बसवलेला असतो. त्याच्या पोटाखालचा मधला पट्टा वीज वाहत नाही, फक्त उष्णता थेट तांब्यात उतरवतो, म्हणून सोल्डरिंग गनचे टोक तिथे पोहोचतच नाही आणि सगळी चकती खालून तापवावी लागते. मी जुनी इस्त्री उलटी करून शिकंज्यात पकडली आणि चकती तिच्यावर ठेवली. कथील-शिशाचे ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि इस्त्रीचा सुती कापडाचा टप्पा तिथवर जातो. सोल्डर चकाकले की जुना डायोड चिमट्याने उचलायचा, चकती पुसायची, सोल्डरची पेस्ट टोचणीएवढी लावायची आणि नवा डायोड ठेवायचा. तो नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या कडेला चिमट्याने अगदी हलका धक्का द्यावा, कारण वितळलेल्या सोल्डरच्या पृष्ठताणामुळे तो झोपाळ्यासारखा आपोआप जागेवर परततो. वरच्या मऊ सिलिकॉनच्या घुमटाला मात्र बोटही लावू नये.

त्यानंतर मी जे केले ते माझ्या मित्राला वेडेपणाचे वाटले. या विजेरीच्या १७ मिलिमीटरच्या सर्किटवर एएमसी ७१३५ जातीच्या, प्रवाहाला मर्यादा घालणाऱ्या आठ चिपा समांतर जोडलेल्या होत्या. प्रत्येक चिप ३५० मिलीअँपियरच सोडते, म्हणजे आठांचे २८०० झाले. सेलमधून त्या वेळी १० वॅटहून अधिक शक्ती खेचली जाते आणि डायोडला न लागणारे व्होल्टेज चिपा उष्णता म्हणून उधळतात. सव्वाशे ग्रॅमच्या विजेरीला हे झेपत नाही. मी त्यातल्या चार चिपा उपटल्या. प्रवाह १४०० झाला, ३००० मिलीअँपियर-तासांचा सेल तासाऐवजी दोन तास पुरू लागला आणि छताच्या चाचणीत पहिल्या मिनिटाचा आकडा २० व दहाव्या मिनिटाचा १९ आला. उजेड निम्मा झाला हे आकड्यात दिसते, पण डोळ्याची जाण आकड्याच्या सरळ प्रमाणात चालत नाही, त्यामुळे जिन्यात तो निम्मा वाटत नाही.

जुळवणी करताना एक चूक झाली. रिफ्लेक्टर आणि चकती यांच्यामध्ये प्लास्टिकची पांढरी कडी असते आणि मी तिला नुसते डायोड मध्यावर ठेवणारे साधन समजून, झोत जरा अधिक एकवटावा म्हणून घासून पातळ केली. विजेरी लावली तर उजेडाच्या सर्वांत मंद पायरीवरही पूर्ण भगभगीत उजेड आला. बटण कितीही दाबले तरी पायरी बदलेना. ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर डायोडच्या ऋण टोकाच्या सोल्डरच्या डागाला टेकला होता, विजेरीचे सगळे अंग सेलच्या ऋण टोकाशी जोडलेले असते, म्हणून प्रवाह चिपांना वळसा घालून थेट अंगातून परत जात होता. तोच रिफ्लेक्टर धन टोकाला टेकला असता तर सेलचे सरळ शॉर्टसर्किट झाले असते, आणि लिथियम सेलच्या बाबतीत ती विनोदाची गोष्ट नाही. नवी कडी घातली, डाग चपटे केले, तेव्हा पायऱ्या परत आल्या.

बाकीचे काम किरकोळ होते. सर्किटवरच्या एटीटायनी १३ए या, पायऱ्या सांभाळणाऱ्या कंट्रोलरची स्मृती अवघी १ किलोबाइट असते. तीत चिमटाक्लिप लावून मी नवा प्रोग्रॅम भरला, लुकलुकणाऱ्या पायऱ्या काढून टाकल्या आणि सर्वांत खालची पायरी ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली. आता रात्री पाणी प्यायला उठलो तर कोणाची झोप मोडत नाही. स्प्रिंगचा विजेला होणारा अडथळा टाळायला तिला तांब्याची तार जोडण्याची पद्धत आहे, पण १४०० मिलीअँपियरला तिची गरज नाही. सेल मात्र ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. १८६५० मापाच्या चांगल्या सेलची क्षमता सहसा ३५०० मिलीअँपियर-तासांच्या आसपास थांबते, त्यामुळे वेष्टनावर ९९०० लिहिलेला सेल मी हातातही घेत नाही. आणि खिशात विजेरी आपोआप लागू नये म्हणून बुडाचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवतो. आट्यांवर ॲनोडायझिंगचा वीज न वाहणारा थर असल्यामुळे तेवढ्यानेच वीज तुटते.

परवा लाइट गेले तेव्हा मीटरच्या पेटीपाशी वायरमनला मी हाच उजेड धरला होता. पेचकस तोंडात धरून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, पिवळा मारतोय, सेल उतरलेत वाटतं तुमचे." मग त्याने हात घातला तो बरोबर लाल वायरीलाच.