तुम्ही विचारलंत म्हणून : पुरोगाम्यांचंच का वाचता?

"मॅडम, तुम्ही पुरोगाम्यांचंच वाचता. मग दुसरी बाजू कळणार कशी?" मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात आणि घरची मंडळीही. रोख असतो तो 'साधना' साप्ताहिकावर आणि त्याच्या 'कर्तव्य साधना' या ऑनलाइन भावंडावर, कारण तिथले लेख मी वर्गाच्या ग्रुपवर सतत टाकत असते.

दुसरी बाजू मी रोज वाचते. पण तुमच्या प्रश्नात असं गृहीत धरलेलं आहे की भूमिका असली की एकांगीपणा आलाच. ते मला मान्य नाही.

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' सुरू केलं. त्याआधी त्यांनी 'कर्तव्य' नावाचं सायंदैनिक काढलं होतं. समाजवाद, जातिअंत, धर्मांधतेला विरोध ही भूमिका त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. 'आम्ही फक्त बातमी देतो' म्हणत हळूच कल देणाऱ्यांपेक्षा मला हे परवडतं. कोण बोलतंय ते ठाऊक असलं की वाचक सावधपणे वाचतो.

मी बघते ते एवढंच, की आपल्याच माणसांना झोंबेल असं छापायची यांची तयारी आहे का?

१९७२ सालचं घ्या. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून काढलेला 'साधना'चा विशेषांक, अनिल अवचटांनी संपादित केलेला. त्यात दलित पँथरचे एक संस्थापक राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि गदारोळ उठला. दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला किरकोळ दंड आणि राष्ट्रीय प्रतीकाच्या अवमानाला त्याहून मोठा दंड, हे कसं, असा ढाल्यांचा सवाल होता आणि भाषा अत्यंत जळजळीत. दुर्गा भागवतांसारख्या विदुषीनेही त्या भाषेवर जाहीर आक्षेप घेतला. मी हे प्रकरण दरवर्षी वर्गात घेते. सुरुवातीला सगळी चर्चा राष्ट्रध्वजाभोवतीच फिरते, आवाज चढतात. मग कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी मुलगी, विचारते, "पण त्या बाईचं काय झालं?" तिथून वर्ग वेगळ्याच वाटेला लागतो. ढाल्यांची भाषा मलाही सगळी पटत नाही. पण तो लेख छापलाच नसता तर हा प्रश्न आमच्या वर्गात आला असता का?

समाजसुधारक हमीद दलवाई तलाकपीडित मुस्लिम स्त्रियांचा प्रश्न मांडत होते, तेव्हा पुरोगाम्यांतच चुळबूळ होती. 'साधना'चे तेव्हाचे संपादक यदुनाथ थत्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून 'साधना'चे संपादक होते. राहायचे साताऱ्याला आणि कामासाठी पुण्याला येऊन-जाऊन असायचे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. संपादक गेला, तरी साप्ताहिक चालू राहिलं. हे आठवलं की 'फावल्या वेळातलं वाचन' असं मला म्हणवत नाही.

तक्रारीही आहेत. ऑनलाइन लेख फार लांबतात. पुष्कळदा ते आधीच पटलेल्यांसाठी लिहिलेले वाटतात, आणि माझ्या तालुक्यातून येणाऱ्या मुलांना तिसऱ्या परिच्छेदातच दम लागतो. फोनवर वाचणाऱ्यांसाठी लिहायचं तर पुण्याच्या पेठेबाहेरची मराठी अजून मोकळेपणाने आत यायला हवी. ऑनलाइन मजकूर फुकट वाचता येतो, तरी साप्ताहिकाची वर्गणी मी भरते. संपादन करणाऱ्या, मुद्रितं तपासणाऱ्या माणसांना पगार लागतो, आणि जाहिरातदारावर विसंबलं की ढाल्यांसारखा लेख पहिल्यांदा गळतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, एखादा लेख तुम्हाला एकांगी वाटला तर ग्रुपवर अंगठा खाली करून थांबू नका. त्यातलं कोणतं वाक्य चुकीचं आहे आणि का, ते लिहून काढा आणि संपादकांना पाठवा. पाठवण्याआधी मला दाखवलंत तर शुद्धलेखन मी बघून देईन. मुद्दा मात्र तुमचाच राहू दे, माझ्या मताविरुद्ध असला तरी.