मॅट चिकटते, म्हणून पाय शिकत नाहीत

योगासनं सुरू करायची ठरली की पहिली खरेदी होते मॅटची. बाजारातली स्वस्त मॅट बहुतेक वेळा पीव्हीसीची असते, म्हणजे पाण्याचे पाइप आणि फ्लेक्सचे फलक ज्याचे बनतात तेच प्लास्टिक. ते मऊ पडावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात. रोजच्या वापराने टाचांखाली आणि तळव्यांखाली तिचा भुगा पडायला लागतो, तो केरात जातो. जुनी झालेली मॅट भंगारवाला सहसा घेत नाही आणि जाळायची तर अजिबात नाही, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सुटतो. घरातलं प्लास्टिक कमी करायला निघालेली माणसं पिशव्या बदलतात, डबे बदलतात, पाण्याची बाटली बदलतात. मॅट मात्र नजरेतून सुटते, कारण तिच्याशिवाय आसनं होणारच नाहीत असं आपण गृहीत धरलेलं असतं.

उभ्याने करायच्या आसनांना मॅटच काय, काहीच लागत नाही. फरशी पुरते. ती नीट तयार मात्र करावी लागते. फरशीवर पाय घसरतो तो बऱ्याचदा फरशी पुसायच्या द्रवामुळे. त्याचा पातळ थर वाळून बसतो आणि घाम लागला की बुळबुळीत होतो. म्हणून आसनाच्या जागेवर आधी केर काढा, मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तळपायही धुऊन कोरडे करा. तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर त्या दिवशी त्रिकोणासन, म्हणजे पाय फाकवून बाजूला वाकायचं आसन, नको. शहाबादी किंवा कोटा फरशीवर पाय सहज धरतो. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर सुरुवातीला भिंत हाताशी ठेवा.

आता त्रिकोणासनच घ्या. पायांत साडेतीन-चार फूट अंतर घेतलं की गुळगुळीत फरशीवर मागचा पाय बाहेर सरकू लागतो. चिकट मॅटवर हेच अंतर आरामात टिकतं, कारण पाय धरून ठेवायचं काम मॅट करते. मांड्या सैल राहिल्या, वजन तळव्याच्या आतल्या कडेवर कललं, तरी काही कळत नाही. फरशी लगेच सांगते. मागच्या पायाची बाहेरची कड, करंगळीपासून टाचेपर्यंत, जमिनीत दाबा. गुडघ्याच्या वाट्या वर ओढा. मांड्यांचे स्नायू हाडाला चिकटवल्यासारखे घट्ट करा. एवढं केलं की पाय जागचा हलत नाही. तरीही सरकला तर अंतर तीन फुटांवर आणा आणि मागच्या पायाची बाहेरची कड भिंतीला टेकवा. पंधरा-वीस दिवसांत भिंतीवरचा दाब आपोआप कमी होतो. त्यानंतर अंतर एकेक बोट वाढवा.

अधोमुख श्वानासनात, म्हणजे हातपाय टेकून कंबर वर उचलायच्या आसनात, तळहात पुढे पळतात. त्याचं कारण बहुधा वजन खांद्यांवर साचणं हे असतं. अंगठा आणि तर्जनी भिंतीला टेकवून तळहात पसरा, बोटांची मुळं दाबा आणि मांड्या मागे ढकला. वजन पायांकडे गेलं की हात थांबतात. वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी मात्र गुळगुळीत टाइलवर हा प्रयोग करू नये. त्यांच्या घरी मॅट असेल तर ती खुशाल वापरावी. प्लास्टिक कमी करण्याच्या नादात कंबर मोडून घेण्यात काही शहाणपण नाही.

सूर्यनमस्कारात गुडघे आणि छाती टेकतात, म्हणून खाली काहीतरी लागतं. सतरंजी अंथरली की दोन-तीन नमस्कारांत ती गोळा होते, कारण हात तिला पुढे रेटतात आणि पाय मागे ओढतात. यावर सोपा उपाय आहे: हातपाय फरशीवर, सतरंजी मध्ये. ती दुहेरी-चौपदरी घडी करून गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या भागापुरती ठेवा, साधारण अडीच फूट. तळहात तिच्या पुढच्या कडेच्या बाहेर, पावलं मागच्या कडेच्या बाहेर. सतरंजी हलत नाही आणि गुडघेही सोलवटत नाहीत.

बसून आणि झोपून करायच्या आसनांना, शवासनाला घोंगडी उत्तम. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली खरी घोंगडी खरखरीत असते. हा खरखरीतपणाच फरशी धरतो, सुती सतरंजीसारखी ती सरकत नाही. विणण्याआधी सुताला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते, वापराने मऊ होते. अंगाला टोचत असेल तर वर जुनी सुती साडी किंवा पंचा अंथरा. धुवायची वेळ क्वचितच येते. आली तर गार पाणी आणि रिठा, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. एरवी झटकून उन्हात अर्धा तास टाकली तरी पुरतं. घेताना एक धागा ओढून काडी लावून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळा गोळा बोटाने चुरडला जातो. अॅक्रिलिक वितळतं आणि कडक मणी उरतो, तो चुरडत नाही.

हीच काडीची परीक्षा पट्ट्यालाही लावा. सुप्त पादांगुष्ठासनात, म्हणजे पाठीवर झोपून एक पाय वर उचलायच्या आसनात, पायाला लावायचा पट्टा म्हणजे खरं तर पलंगाची नवार. हल्ली नवारही सर्रास नायलॉनची मिळते. ती गुळगुळीत असते आणि ताण दिला की कडीतून सुटते. सुती नवारीचा धागा कागदासारखा जळतो, मऊ राख पडते. दीड इंच रुंद, आठ फूट लांब नवार घ्या. एका टोकाला दोन लोखंडी किंवा पितळी कड्या एकत्र ओवा, दोन इंच दुमडा आणि चौकोन करून त्यात फुली अशी मशीनची शिवण मारा. दुसरं टोक आधी दोन्ही कड्यांतून न्यायचं, मग मागे वळवून फक्त दुसऱ्या कडीतून काढायचं. ताणाल तितका पट्टा आवळतो. नुसत्या एका कडीने तो सरकत राहतो. आसन करताना हात कोपरात वाकवून पट्टा खेचू नका. पट्ट्याची लांबी वाढवा, हात सरळ ठेवा आणि खांदे जमिनीला टेकलेले राहू द्या.

झोपून करायच्या आसनांत पाठीखाली घ्यायच्या लोडाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानातले बरेचसे लोड आतून फोमचे किंवा पॉलिएस्टर फायबरचे असतात आणि काही महिन्यांत मधोमध बसतात. गादीवाल्याकडून भरून घ्या. गोल लोडाचं माप: लांबी 24 इंच, व्यास 9 इंच. त्यासाठी मांजरपाटाचा साधारण 30 इंच बाय 25 इंचांचा तुकडा आणि 10 इंच व्यासाच्या दोन चकत्या लागतात, शिवणीसह. कापूस सुमारे तीन किलो. गादीवाल्याला स्पष्ट सांगा की फक्त कापूस, फायबरची भेसळ नको. आणि सावरीचा कापूस नको. तो उशीला छान, पण लोडात दबून जातो. कापूस पिंजून मूठमूठ भरायचा, आधी दोन्ही टोकांच्या कडा, मग मध्य. एकदम कोंबला की गाठी होतात आणि सुप्त बद्धकोणासनात त्या पाठीच्या मणक्यांना टोचतात. लोड नीट भरला की नाही हे मुठीने कळतं: जोर देऊन दाबल्यावर जेमतेम इंचभर खड्डा पडावा आणि लगेच भरून यावा. वर गडद रंगाच्या जाड सुती कापडाची खोळ, चेनऐवजी नाडी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कापूस ओल धरतो. उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवा, नाहीतर बुरशीचा वास बसतो आणि तो जात नाही.

सर्वांगासनासाठी, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन पाय वर करायच्या आसनासाठी, फोमचे तुकडे विकतात, ते नकोतच. ते खांद्यांखाली दबतात आणि मानेवर भार येतो. सोलापुरी चादरी वापरा, चार किंवा पाच. प्रत्येकीची तंतोतंत चौकोनी घडी घालून एकावर एक रचा. एकूण उंची दोन ते तीन इंच. दुमडलेली, गोळीव कड मानेकडे हवी, सुट्या कडा पाठीकडे. उलटं ठेवलंत तर थर पसरतात. खांदे कडेपासून दोन बोटं आत, मान आणि डोकं बाहेर, डोकं जमिनीवर. मानेची मागची बाजू जमिनीवर दाबली जात असेल तर आणखी एक चादर वाढवा. रक्तदाब, मानेचं दुखणं किंवा काचबिंदू असेल तर हे आसन शिक्षकाला विचारल्याशिवाय करू नये.

या साध्या साधनांची परंपरा आपल्याच पुण्यात आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि विटा, दोऱ्या, खुर्च्या, घोंगड्या अशा हाताशी असलेल्या वस्तूंमधून त्यांनी आसनांची साधनं घडवली. त्यांच्या पद्धतीची लाकडी वीट साधारण 9 बाय साडेचार बाय 3 इंचांची. सुतार उरलेल्या लाकडातून करून देतो. कडा मात्र पॉलिश पेपरने गोल करून घ्या, नाहीतर सेतुबंधात, म्हणजे कंबर उचलून खाली वीट घ्यायच्या आसनात, त्या माकडहाडाला रुततात.

जलनेतीचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं, भांडंही प्लास्टिकचं घेऊ नका, स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्या. तांब्याच्या भांड्यात मिठाचं पाणी ठेवू नये, तांब्यावर हिरवट गंज चढतो. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात सपाट चहाचा चमचा मीठ, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, पूर्ण विरघळवा. नाक चुरचुरलं तर मीठ कमी पडलंय किंवा जास्त झालंय. नंतर नाक शिंकरताना एक नाकपुडी दाबून जोर लावू नका, पाणी कानाकडे जातं. दोन्ही मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरा.

आता मॅट घ्यायचीच असेल तर नाव वाचून घ्या. टीपीई, ईव्हीए, एनबीआर ही सगळी कृत्रिमच, पाकिटावर हिरवं पान छापलं तरी. ज्यूटच्या मॅटची पाठ उलटून पाहा, खाली पीव्हीसीचा थर असतो का ते. कॉर्कच्याही तेच. नैसर्गिक रबराची मॅट टिकते, पण जड असते, उन्हात ठेवली की तडकते आणि लॅटेक्सची अॅलर्जी असणाऱ्यांना चालत नाही.

घरात पीव्हीसीची मॅट आधीच असेल तर ती फेकू नका. फेकल्याने प्लास्टिक कमी होत नाही. भुगा पडेपर्यंत वापरा, नंतर कात्रीने चार इंची चौकोन कापा. चार तुकडे सतरंजीच्या कोपऱ्यांखाली, चार विपरीत दंडासनात पाठ मागे वाकवायला घेतात त्या खुर्चीच्या पायांखाली. टाइलवर खुर्ची हलत नाही.