पेन डोसिमीटरची नवी पट्टी : रॅड, ग्रे आणि मध्येच येणारा राँटजेन

जालन्याच्या भंगारातून आणलेला पेन डोसिमीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारे पेनाच्या आकाराचे उपकरण, आता चार्ज धरू लागला आहे. किरणोत्सर्गाने हा चार्ज उतरतो तशी आतली रेघ पट्टीवर पुढे सरकते. खिडकीच्या उजेडाकडे धरून भिंगातून पाहिले की ० ते २०० मिलिराँटजेनच्या पट्टीवर क्वार्ट्झच्या तंतूची बारीक रेघ दिसते, आणि पेन चार्जरवर दाबून नॉब फिरवला की ती सरकत शून्यावर येते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती बऱ्यापैकी जागेवर राहते. पावसाळ्यात मात्र आतील विद्युतरोधकावर दमटपणा बसला की किरणोत्सर्गाचा संबंध नसतानाही ती पुढे सरकते, म्हणून पेनाचा मुक्काम सिलिका जेलच्या डबीत असतो. सध्याचे काम आहे ते या पेनासाठी ग्रे या आजच्या एककातील पट्टी तयार करण्याचे आणि तेच गणित घरी जुळवलेल्या गायगर काउंटरच्या (किरणोत्सर्ग टिकटिकीने मोजणाऱ्या यंत्राच्या) प्रोग्रॅममध्ये बसवण्याचे.

रॅड आणि ग्रे ही दोन्ही शोषित मात्रेची, म्हणजे पदार्थाने किरणोत्सर्गातून किती ऊर्जा शोषली हे सांगणारी एकके; त्यांचे नाते सरळ आहे. १९५३ मध्ये ठरलेला रॅड म्हणजे एक ग्रॅम पदार्थाने शोषलेली १०० अर्ग (ऊर्जेचे जुने, लहान एकक) ऊर्जा. १९७५ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे यांच्या नावाने स्वीकारलेला ग्रे म्हणजे एक किलोग्रॅमने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा. म्हणून १ ग्रे बरोबर १०० रॅड. कर्करोगाच्या उपचारात सेंटिग्रे रुळला तोही याचमुळे, कारण १ सेंटिग्रे म्हणजे नेमका १ रॅड, आणि जुने ५,००० रॅड हे ५० ग्रे होतात. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून दिली जाणारी ६० ते ९० ग्रेची मात्रा जुन्या हिशेबाने ६ ते ९ किलोरॅड भरते. घोळ होतो तो उपसर्गांपाशी : एकक बदलताना दशांशचिन्ह दोन घरे सरकते, तर मिलीवरून मायक्रोवर जाताना तीन. त्यामुळे १ मिलिरॅड म्हणजे १० मायक्रोग्रे आणि १ मायक्रोग्रे म्हणजे ०.१ मिलिरॅड, एवढ्या दोन ओळी मी डबीच्या झाकणावरच चिकटवल्या आहेत.

पेनाची पट्टी मात्र रॅडमध्ये नाही, राँटजेनमध्ये आहे, आणि राँटजेन हे शोषित मात्रेचे एकक नव्हेच. क्ष-किरण किंवा गॅमा किरण हवेत किती विद्युतभार मोकळा करतात, एवढेच ते सांगते : एका किलोग्रॅम हवेत ०.०००२५८ कूलॉम. हवेत एक कूलॉम भार मोकळा व्हायला सुमारे ३३.९७ ज्यूल ऊर्जा खर्च होते. दोन्हींचा गुणाकार केला की १ राँटजेनला हवेतील ८.७६ मिलिग्रे, म्हणजे ०.८७६ रॅड मिळतात. शरीराच्या मऊ ऊतींसाठी, नेहमीच्या गॅमा ऊर्जांना, हाच आकडा ०.९६ रॅडच्या आसपास जातो. ‘एक राँटजेन म्हणजे एक रॅड’ हा जुना ठोकताळा सुरक्षेच्या अंदाजाला चालतो, पण पट्टी आखायला नाही. २०० मिलिराँटजेनच्या टोकाला त्याने २ मिलिग्रे येतात आणि हवेसाठीचे खरे उत्तर १.७५ आहे. म्हणून नव्या पट्टीवर ‘हवेतील’ हा शब्द ठळक छापणार आहे. (वर्षाचे तासही ८,७६० असतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण वार्षिक हिशेबाच्या कागदावर हे दोन आकडे शेजारी आले की डोके चक्रावते.)

गायगर काउंटरच्या प्रोग्रॅममध्ये आतला सगळा हिशेब नॅनोग्रेच्या पूर्णांकात ठेवला असून जुनी एकके फक्त पडद्यावर दाखवताना काढली जातात. जमिनीतून येणाऱ्या गॅमा किरणांची जागतिक सरासरी तासाला सुमारे ६० नॅनोग्रे, म्हणजे ६ मायक्रोरॅड आहे. आपल्या बेसाल्टमध्ये थोरियम आणि युरेनियम कमी असल्याने इथे त्याहून कमी आकड्याची अपेक्षा ठेवावी. केरळच्या थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूची गोष्ट वेगळी. तरीही गायगर नळी टिकटिक मोजते, ऊर्जा नव्हे. टिकटिकीवरून ग्रे काढण्यासाठी, सिझियम १३७ या किरणोत्सर्गी पदार्थाच्या गॅमा किरणांना धरून दिलेला गुणांक दुसऱ्या ऊर्जेला तसाच लावता येत नाही, म्हणून पडद्यावर मिनिटाच्या टिकटिकीचा आकडा मोठा आणि ग्रेचा लहान ठेवला आहे.

वरातीतल्या जुन्या गॅसबत्तीचे थोरियमचे मेंटल (ज्योतीत उजळणारी जाळी) तपासायला घेतले आहे, तेही बंद प्लास्टिकच्या पिशवीत, कारण त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये. त्याच्या आकड्यांना मी रेम किंवा सिव्हर्ट या, शरीरावरचा परिणाम धरणाऱ्या एककांमध्ये नेणार नाही. १ सिव्हर्ट म्हणजे १०० रेम हे खरे असले, तरी ग्रेवरून सिव्हर्टवर जाताना गॅमा आणि बीटा किरणांना १ ने गुणायचे असते, तर अल्फाला २० ने. आणि मेंटलमधले अल्फा कण पिशवीतच अडतात, नळीपर्यंत पोचतच नाहीत.