शेपटीवाला, पण विंचू नव्हे

परवा मामाच्या शेताडीत गुडघाभर चिखलात उभा होतो. चहाच्या गाळणीत कुजक्या पानासारखं काहीतरी आलं, फेकणारच होतो, तेवढ्यात त्याने पाय हलवला. पाणविंचू, म्हणजे पाण्यात राहणारा एक किडा! मामी लांबूनच ओरडली, "अरे टाक तो, चावेल!"

चावतो खरा, पण तोंडाने. आखूड सोंड खुपसतो. शेपटीत विष नाही. ती श्वासनळी. भिंगाखाली पाहिलं तर दोन अर्ध्या पन्हळी एकमेकींना चिकटलेल्या. टोक पाण्याबाहेर काढून स्वारी उलटी लटकते. पुढचे पाय चाकूसारखे मिटणारे, भक्ष्य पकडायला. मिशा डोळ्यांखाली दडलेल्या, शोधूनही दिसत नाहीत.

याच कुळातला (नेपिडी) रॅनाट्रा नावाचा प्रकार म्हणजे निव्वळ काडी. माझ्या हाती लागलेला प्रकार, लॅकोट्रिफिस, चपटा, मातकट.

मी आधी गफलत करायचो ती पाठीवर अंडी वाहणाऱ्या पाणढेकणाशी. त्याचं कुळ वेगळं. त्याची श्वासनळी आखूड, आत ओढता येणारी, आणि मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे, झालरवाले. पाणविंचवाचे मागचे पाय साधे काटकुळे, त्यामुळे पोहण्यात अगदीच ढ. गाळातून रांगतो नाहीतर दबा धरून बसतो.

फोटो काढून सोडला. गाळणी मात्र मामीने परत घेतली नाही.