कुणाची टाकी कुठे, ते वहीत आहे

आमच्या प्लंबिंगच्या दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू कुठली असं कुणी विचारलं, तर गिऱ्हाइकाला मी शोकेसमधला भिंतीला टांगायचा कमोड दाखवतो. खरी वस्तू गल्ल्याखालच्या खणात असते. दोनशे पानी तीन वह्या. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या ज्या ज्या घरात आम्ही काम केलं, त्या घराची सेप्टिक टाकी कुठे पुरलीय, ते त्यात लिहिलंय. "तुळशीपासून पूर्वेला सात पावलं, वर जास्वंद." "मागच्या पडवीखाली, झाकणावर लादी मारलीय, मालकाला बोललो." अशा नोंदी.

वही सुरू झाली ती फजितीतून.

म्हापशात एका मेस्तांच्या, म्हणजे मिस्त्रींच्या, हाताखाली मी सात वर्षं काढली. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीतून स्कूटरच्या पुढ्यात कमोड उभा करून नेणारा पोरगा तुम्ही पाहिला असेल, तर तो मी. 2008 साली स्वतःचं काम धरलं. पहिलं मोठं काम मांद्र्याला, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आठ दिवस असताना. गोव्यात चवथीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा हंगाम. वर्षभर दोन माणसं राहणाऱ्या मूळ घरात मुंबईहून, पुण्याहून, वास्कोहून सगळे भाऊ सहकुटुंब उतरतात, आणि संडास एकच. त्या घरातल्या आजींचे गुडघे गेलेले. जुनं इंडियन भांडं काढून कमोड बसवायचा होता.

मी भांडं उचललं, कमोड बसवला, व्हाईट सिमेंटने चकचकीत सांधा मारला, पैसे घेतले आणि निघालो. एक गोष्ट केली नाही. इंडियन भांड्याच्या खाली लादीत पुरलेला ट्रॅप, म्हणजे वाकडा पाईप, असतो. त्यात पाणी साचून राहतं आणि टाकीचा वास वर येत नाही. कमोडच्या पोटात मात्र स्वतःचा ट्रॅप असतो. खालचा न काढता वर कमोड ठेवला की दोन ट्रॅप एकापाठोपाठ येतात, मध्ये हवा कोंडते आणि फ्लश ओढत नाही. मेस्तांनी हे सांगितलं होतं. पण खालचा ट्रॅप काढायचा तर लादी फोडावी लागते, लादी फोडली तर एक दिवस वाढतो, आणि माझ्या डोक्यावर आणखी तीन कामं होती.

चवथीच्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला. घरात सत्तावीस माणसं. गेलो तेव्हा गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधलेली, आत नेवऱ्या तळल्याचा वास, आणि मागच्या दारी दुसरा वास. मी आत तोंड न दाखवता चेंबर, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाईपवरचा झाकणाचा खड्डा, शोधायला मागे गेलो, तर चेंबर कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. टाकी बांधली ती आजोबांनी. आजोबा गेले, गवंडी गेला. भर पावसात पहार घेऊन मी अंगण टोचत फिरलो. एक भाऊ म्हणे आंब्याखाली, दुसरा म्हणे गोठा होता तिथे. दीड तास गेला. शेवटी आजीच पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "रे, धुण्याचा दगड हलवून बघ. तो दगड त्यांनीच आणून ठेवला होता, पोरं झाकणावर नाचतात म्हणून."

तिथेच होतं. चेंबर साफ केलं, सिमेंटात घट्ट बसलेला कमोड फोडूनच काढावा लागला, खालचा ट्रॅप काढला आणि म्हापशाहून ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून दुसरा कमोड आणला. तो खिशातून. संध्याकाळी पाचला पानावर बसवलं मला, आणि आजींनी दोनदा नेवरी वाढली. घरी येऊन बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं: मांद्रे, धुण्याच्या दगडाखाली. तीच पहिली नोंद. तेव्हापासून आम्ही कमोड सिमेंटात गाडत नाही. स्क्रूने बसवतो आणि कडेला सिलिकॉन मारतो. पुढे कधी काढायचा झाला तर सुटतो.

पुढची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम वाढत गेलं, एका बिल्डरकडे पैसे अडकले ते अडकलेच, भाड्याचा गाळा घेतला, जीएसटी आल्यावर हिशेबाला माणूस ठेवला.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मात्र एक चांगली गोष्ट घडली. आमच्या हाताखालचा बांद्याचा पोरगा पत्रादेवीची महाराष्ट्राकडची हद्द बंद झाल्यामुळे इकडेच अडकला आणि दुकानाच्या माळ्यावर राहिला. करायला काही नव्हतं आणि अक्षर त्याचं मोत्यासारखं. बिलबुकांच्या पाठीवर, सिगारेटच्या पाकिटांवर, माझ्या हातावरून कागदावर उतरलेल्या सगळ्या नोंदी त्याने गाववार तीन वह्यांत उतरवून काढल्या. हरमल, मोरजी, पार्से, धारगळ, तुये. प्रत्येक घरापुढे टाकी कुठे, चेंबर कुठे, विहीर किती पावलांवर, आणि भिंतीपासून ड्रेनच्या मध्यापर्यंतचं माप. हे शेवटचं फार उपयोगी. माप नऊ इंच असताना बारा इंचांच्या मापावर बसणारा कमोड आणला तर फ्लशची टाकी भिंतीत शिरल्याशिवाय तो बसत नाही. लोक आधी ऑनलाइन मागवतात, मग आम्हाला बोलावतात. आता कुणी फोन केला की मी आधी वही उघडतो आणि माप सांगून मोकळा होतो.

विहिरीचं अंतर का लिहितो तेही सांगतो. भारतीय मानकांप्रमाणे शोषखड्डा (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) आणि पिण्याच्या विहिरीत 18 मीटर अंतर हवं. आमच्या वाड्यांत घरं इतकी लागून की बऱ्याच ठिकाणी ते मिळत नाही, आणि आमची चिऱ्याची जमीन म्हणजे चाळण. वर ओतलेलं खाली कुठल्या कुठे जातं. कुणी नवीन खड्डा मारायला सांगितला की शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही मोजतो. त्यावरून दोन कामं सोडली आहेत आणि एका घराशी बोलणं बंद आहे.

वहीचा खरा उपयोग पावसात. गेल्या जुलैतली गोष्ट. हरमलच्या एका गेस्ट हाऊसवाल्याचा फोन: फ्लश केला की गुडगुड होते आणि पाणी हळूहळू उतरतं. आधी कुणीतरी येऊन कमोडच खराब आहे म्हणून नवा बसवून गेला होता. तरीही गुडगुड चालूच. मी कमोडला हातही लावला नाही. वहीत बघितलं, टाकी कुंपणाच्या कोपऱ्यात, खोलगट भागात. झाकण उचललं तर पाणी पाईपच्या तोंडाशी येऊन टेकलेलं. वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो इथे. जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा शोषणार कुठे? त्याला म्हटलं, पात्रांव, टँकरने उपसून घेतलं तरी चार दिवसांत परत भरेल. दोन खोल्या बंद ठेवा, न्हाणीचं पाणी टाकीत न सोडता बागेकडे वळवा, पाऊस ओसरला की खड्डा उंचावर नवा मारू. तो नाराज झाला. पण नोव्हेंबरात काम आम्हालाच दिलं.

टाकीत माणूस उतरवून साफ करून द्या म्हणणारे अजून भेटतात. नाही म्हणजे नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत आडवा होतो, आणि 2013 च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. मशीनची गाडी बोलवायची.

2023 च्या जानेवारीत मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं सुरू झाली आणि आमच्या तालुक्यात व्हिला उगवायला लागले. तिथली कामं मोठी, पैसे बरे, पण नोंद लिहिताना मजा येत नाही. मालक गुरुग्रामला, केअरटेकर नवा, टाकी कुठे ते आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये, आणि ड्रॉइंग प्रत्यक्षाशी जुळत नाही. भिंतीत लपवायची फ्लश टाकी हौसेने मागवतात. आम्ही बसवतो, पण पुढची प्लेट काढून आत हात जाईल इतकी जागा ठेवायला लावतो. ती जागा वाचवलेल्या एका ठिकाणी दोन वर्षांत इटालियन टाईल फोडावी लागली.

बघायला यायचे आम्ही तीनशे रुपये घेतो, काम केलं तर बिलात वळते करतो. यावरून अजून लोक घासाघीस करतात. काही वेळा तर फोनवरच काम होतं. पाण्याचं बिल जास्त येतंय, फ्लशची टाकी रात्रभर वाजते, अशी तक्रार असली की सांगतो, फ्लशच्या टाकीत थोडी कपड्याची नीळ टाका आणि वीस मिनिटं कुणी संडास वापरू नका. भांड्यात निळं उतरलं तर खालचा रबराचा वॉशर गेलाय. तो स्वस्तात येतो आणि हुशार माणूस स्वतः बसवू शकतो. बांद्याचा पोरगा म्हणतो, असं फुकट सांगत बसलात तर दुकान चालणार कसं. तोच आता निम्मी कामं स्वतः धरतो, म्हणून बोलतो.

माझी मुलगी सध्या वह्यांचे फोटो काढून फोनमध्ये भरतेय. परवा पार्सेचं एक पान निघालं, पावसात शाई पसरलेलं. "विहिरीपासून" एवढंच वाचता येतं, पुढचा आकडा गेला. त्या घरी फोन केला, तर काकी म्हणाल्या, रविवारी या, पण अकराच्या आत, नंतर आम्ही जत्रेला जाणार. पहार आणि टेप गाडीत टाकून ठेवलीय.