अळ्यांची वाटी

आमचा लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पाल, पिल्लू होता तोवर मी त्याला चिमट्याने भरवायचे. एक मीलवर्म, म्हणजे भुंग्याची अळी, धरायचा, नाकासमोर हलवायचा, त्याने झडप घातली की पुढचा. पिल्लाला रोज खायला लागतं, म्हणजे हा कार्यक्रमही रोजचा. पुढेपुढे तर चिमटा दिसल्याशिवाय साहेब बाहेर यायचेच नाहीत. त्याने स्वतः शिकार करावी म्हणून अळ्या त्याच्या राहायच्या टाकीत सोडल्या असत्या, पण मीलवर्म जमिनीवर पडला की थेट मातीत शिरतो. रातकिडे मोकळे सोडणं मला पटत नाही. उरलेले रातकिडे निपचित पडलेल्या गेकोलाच चावतात. मग एकच मार्ग उरला, वाटी.

वाट्या बघायला लागले तेव्हा लक्षात आलं की विकणारे वाटीचं रूप दाखवतात. खडकासारखी, लाकडासारखी, कवटीसारखी. खडबडीत पृष्ठभाग टाकीत शोभून दिसतो, पण अळीला तोच जिना होतो. म्हणून मी गेकोला बाजूला ठेवलं आणि वाटीची परीक्षा आधी किड्यांकडून घ्यायची ठरवलं. एका मोठ्या टबात घरातल्याच निरनिराळ्या वाट्या मांडल्या, प्रत्येकीत थोडे मीलवर्म टाकले आणि रात्रभर तसंच ठेवलं.

झिलई नसलेल्या भाजक्या मातीच्या बशीतून अळ्या आरामात बाहेर. प्लास्टिकचं गणित वयावर होतं. नवा डबा निसरडा, पण घासून घासून चरे पडलेल्या डब्यात त्यांच्या पायांना पकड मिळत होती. मीलवर्मला डोक्याजवळ पायांच्या तीनच जोड्या असतात, तरी तेवढ्या पुरतात. चौकोनी वाटीत अळ्या कोपऱ्यात ढीग करून एकमेकींच्या अंगावरून वर चढत होत्या. झिलई केलेल्या गोल चिनी मातीच्या वाटीतली मात्र एकही हलली नाही, म्हणजे हलल्या सगळ्या, पण वर कोणी आलं नाही. काचेची वाटीही तितकीच पक्की ठरली.

काच तरीही बाद केली, आणि ती गेकोमुळे. तो हालचाल बघून शिकार करतो. पारदर्शक भिंतीपलीकडे वळवळ दिसली की तो बाहेरूनच झेप घेणार आणि नाक आपटून घेणार.

खोलीवर मी सर्वात जास्त वेळ घालवला. मीलवर्म अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे भिंत त्याहून बरीच उंच हवी. पण फार उंच झाली तर गेकोला आत काय आहे ते दिसतच नाही. पूर्ण वाढलेला लेपर्ड गेको शेपटीसकट वीस-पंचवीस सेंटिमीटरचा. पुढचे पाय काठावर टेकवून मान आत घालता येईल एवढंच त्याला जमतं. माझ्या मोजपट्टीत चार सेंटिमीटर बसले. तोंड रुंद हवं, कारण काही गेको सरळ वाटीत उतरूनच जेवतात, आमचाही त्यातलाच. आणि वाटी जड हवी, नाहीतर काठावर भार पडला की ती कलंडते.

आत वळलेल्या काठाच्या वाट्याही मिळतात. सुपरवर्म नावाच्या लांबलचक अळ्या देणाऱ्यांना त्यांचा उपयोग असेल, मला तो काठ डोकेदुखी वाटला. त्याच्या खाली कॅल्शियमची पावडर आणि विष्ठा चिकटून बसते, ब्रशही नीट पोचत नाही. गेकोला खायला देतात त्या डुबिया झुरळांनाही स्वच्छ, गुळगुळीत भिंत चढता येत नाही, तेव्हा सरळ काठ पुरतो.

पावडरचं मात्र समजून घ्यायला हवं. मीलवर्म असोत की रातकिडे, त्यांच्या अंगात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. कॅल्शियम कमी पडत राहिलं की गेकोची हाडं मऊ होतात, जबडा आणि पाय वाकतात. म्हणून किडे पावडरीत घोळवून द्यायचे. वाटीचा एक फायदा मला नंतर उमगला: अंगावरून गळलेली पावडर मातीत न जाता तळाशी राहते आणि अळ्या पुन्हा त्यातच लोळतात. पण थर पातळच ठेवायचा. जाड झाला की अळ्या त्यात बुडी मारतात, आणि न दिसणारी अळी गेकोच्या लेखी नसतेच. त्याच कारणाने फ्रिजमधल्या गारठलेल्या अळ्या लगेच वाटीत टाकत नाही. त्या वळवळायला लागेपर्यंत थांबते.

वाटी टाकीच्या थंड बाजूला ठेवली आहे. तापलेल्या कोपऱ्यात अळ्या मरतात, आणि ओलसर बिळाजवळ पावडरच्या गुठळ्या होतात.

चिमट्याची सवय सुटायला वेळ लागला. सुरुवातीला चिमट्यातली अळी त्याच्यासमोर हलवत हलवत वाटीपर्यंत न्यायची आणि आत सोडायची. मग तो काठावरून डोकावायचा, शेपटीचं टोक थरथरवायचा आणि झडप घालायचा. आता संध्याकाळी तो स्वतःच वाटीकडे चक्कर मारतो.

ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्यांपुढे मात्र ही वाटीही हरते. अंग जरा ओलं असलं की त्या झिलईवरूनही वर सरकतात. त्या द्यायच्या दिवशी आधी कागदावर कोरड्या करून घेते, मोजून टाकते, आणि गेकोचं खाणं होईपर्यंत टाकीसमोरून हलत नाही.